वेगवान सौरवारा सुटतो कुठून: फोंड्यातल्या प्रकल्पाच्या नोंदी

४ नोव्हेंबर

विज्ञान दिनाला, २८ फेब्रुवारीला, वाचनालयाच्या सभागृहातली एक अख्खी भिंत आमच्या वाट्याला आलीय. गेल्या वर्षी मुलांनी ज्वालामुखी केला होता. खाण्याचा सोडा आणि व्हिनेगर. लोकांना आवडला, मला नाही. यंदा अकरावीच्या मुलांशी बोलून विषय ठरवला: सूर्याकडून येणारा वेगवान वारा सूर्याच्या नेमक्या कुठल्या भागातून सुटतो?

यंदाच हा विषय घ्यायला कारण आहे. सूर्यावरची धामधूम ठरावीक वर्षांनी वाढते-ओसरते, त्यातलं २५ वं चक्र २०२४ च्या सुमारास शिगेला पोचलं, आता त्याची उतरण. उतरणीच्या काळात कोरोनल होल, म्हणजे सूर्याच्या प्रभामंडळातल्या विरळ, काळ्या दिसणाऱ्या जागा, विषुववृत्तापर्यंत खाली-वर सरकतात आणि महिनोन् महिने टिकतात. म्हणजे तेच होल फिरून फिरून आपल्या समोर येतं. मुलांना हातात धरायला असं काहीतरी परत येणारं लागतं.

सौरवारा म्हणजे मुख्यतः प्रोटॉन आणि इलेक्ट्रॉन, थोडी हेलियमची केंद्रकं. सूर्याच्या प्रभामंडळातून, म्हणजे त्याच्या बाहेरच्या तापलेल्या वातावरणातून, हे सगळं अखंड बाहेर पडत असतं. संथ वारा सेकंदाला ३०० ते ५०० किलोमीटरचा, वेगवान ७००-८०० पर्यंत जाणारा. संथ वाऱ्याचा उगम हे वेगळंच जंजाळ आहे, त्याला हात लावायचा नाही असं ठरवून टाकलं. सूर्यावरून एकदम सुटणारे मोठे लोट, म्हणजे सीएमई, तेही बाजूला. मे २०२४ मध्ये लडाखमधल्या हानलेहून आकाश तांबडं दिसलं होतं, ते त्या लोटांचं काम. ओंकारला तेच करायचं होतं. थोडा हिरमुसला.

७ नोव्हेंबर

भिंतीवरच्या तक्त्याची आखणी झाली. कार्डशीट जोडून एका ओळीत २७ चौकटी, रोजची एक चौकट, २७ दिवस झाले की खालची ओळ सुरू. वेग ४०० च्या खाली असेल तर निळा खडू, ४०० ते ५०० हिरवा, त्यापुढे केशरी, ६०० च्या वर लाल. २७ च का, ते मुलांना मुद्दाम सांगितलं नाही. कळेल.

बघायच्या गोष्टी दोनच. एक, नासाच्या सोलार डायनॅमिक्स ऑब्झर्व्हेटरीचं १९३ अँगस्ट्रॉम तरंगलांबीचं रोजचं चित्र. हे यान २०१० पासून सूर्याकडे टक लावून आहे, आणि अतिनील किरणांतल्या या चित्रात साधारण १२ लाख अंशांचा वायू उजळ दिसतो. दुसरी, एल-१ बिंदूवरच्या यानांचा ताजा आलेख. एल-१ पृथ्वीपासून सूर्याच्या दिशेने १५ लाख किलोमीटरवर. वारा तिथे आधी लागतो, मग आपल्याकडे. वेग ६०० असेल तर अंतर चाळीसेक मिनिटांचं.

आजच्या चित्रात दक्षिणेकडून वर चढत आलेला एक काळा पट्टा जवळजवळ मध्यावर आहे. सई म्हणाली, "टीचर, इथे चित्र खराब झालंय." खराब झालेलं नाही. तिथली चुंबकीय रेषांची टोकं सूर्यावर परत न येता अवकाशात मोकळी गेलेली आहेत. बाकीच्या ठिकाणी रेषा कमानीसारख्या वळून खाली येतात आणि तापलेला वायू त्यांच्यात अडकून राहतो, म्हणून उजळ दिसतो. मोकळ्या रेषांतून तो निसटतो. मागे राहतं विरळ, म्हणून काळं.

उत्तरेला आणखी एक काळी रेघ होती, ओंकारने तिलाही होल म्हणून खूण केली. खात्री कशी करायची ते दाखवायची संधीच मिळाली. त्याच यानाचं चुंबकीय चित्र शेजारी ठेवलं. त्यात पांढरं म्हणजे बाहेर येणारं चुंबकीय क्षेत्र, काळं म्हणजे आत जाणारं. उत्तरेच्या रेघेच्या एका बाजूला पांढरं, दुसऱ्या बाजूला काळं: ती वायूची लांबट दोरी, फिलामेंट. दक्षिणेच्या पट्ट्याखाली पांढऱ्याचं पारडं स्पष्ट जड. हेच आपलं होल. दोन-तीन दिवसांत वारा यायला हवा.

१० नोव्हेंबर

आला. काल दुपारनंतर सुरुवात झाली.

आलेख मुलांसोबत सावकाश वाचला, कारण या एका आलेखात प्रकल्पाचा अर्धा ऐवज आहे. आधी केशरी रेघ, घनता, वर उसळली. त्याच वेळी पांढरी, चुंबकीय क्षेत्राची. वेगाची जांभळी रेघ तेव्हा अजून ४०० च्या आत. मग जांभळी चढायला लागली आणि केशरी कोसळली, हिरवी, तापमानाची, जांभळीबरोबर वर गेली. आज सकाळी वेग ६०० च्या वर, घनता अगदी तळाला. मागून येणारा वेगवान वारा पुढच्या संथ वाऱ्यावर आदळतो, मधला भाग दाबला जातो, ती सुरुवातीची उसळी. दाबलेला भाग निघून गेला की मागे खरा वेगवान वारा: विरळ, गरम, एकसारखा.

सर्वांत महत्त्वाची निळी रेघ. ती चुंबकीय क्षेत्राची दिशा दाखवते. सूर्यापासून दूर जाणारं क्षेत्र असेल तर ती १३५ अंशांच्या आसपास राहते, सूर्याकडे येणारं असेल तर ३१५ च्या. आज १३५ च्या जवळ स्थिरावलीय. होलाखालचं क्षेत्र पांढरं, म्हणजे बाहेर येणारं. १५ कोटी किलोमीटर येऊनही वाऱ्याने आपल्या गावची खूण सोडलेली नाही. ओंकारचा हिरमोड इथे संपला असं वाटतं. घरी जाऊन रात्री साडेअकराला त्याने मला आलेखाचा फोटो पाठवला.

११ नोव्हेंबर

हिशेब फळ्यावर. १५ कोटी भागिले ६०० म्हणजे अडीच लाख सेकंद, २.९ दिवस. पृथ्वीवरून पाहता सूर्य दिवसाला १३.२ अंश फिरतो, म्हणून तेवढ्या वेळात होल मध्यापासून सुमारे ३८ अंश पश्चिमेला, चित्रात उजवीकडे, गेलेलं असणार. वेग ४०० असता तर ५७ अंश. चित्र काढून मोजलं: वारा आपल्याला लागत असताना काळा पट्टा खरोखरच उजव्या बाजूला सरकलेला आहे.

हे सरळ भागाकाराचं गणित ढोबळच. वारा वाटेत वेग धरतो, दाबला जातो. पण होल ओळखायला पुरतं.

१६ नोव्हेंबर

रविवार. शाळेच्या दुर्बिणीतून सूर्याची प्रतिमा पांढऱ्या कागदावर पाडली. डाग मस्त दिसले. मुलांच्या धाकट्या भावंडांची एकच मागणी, होल दाखवा. दुर्बिणीतून साध्या प्रकाशात ते दिसत नाही, कारण पृष्ठभागाच्या झगमगाटापुढे प्रभामंडळाचा उजेड नगण्य. जमिनीवरून एक पळवाट आहे: हेलियमची १०८३० अँगस्ट्रॉमची अवरक्त रेषा. त्या प्रकाशात होलाची जागा आजूबाजूपेक्षा थोडी उजळ दिसते, आणि अमेरिकेतल्या किट पीक वेधशाळेतून १९७० च्या दशकापासून असे नकाशे काढले गेले. आपल्या दुर्बिणीचं ते काम नव्हे.

२५ नोव्हेंबर

इतिहासाचा फलक सईकडे. तिला पार्कर यांची गोष्ट आवडली: १९५८ साली युजीन पार्कर यांनी गणिताने सौरवारा भाकीत केला, परीक्षकांनी निबंध नाकारला, आणि संपादक सुब्रह्मण्यन चंद्रशेखर यांनी तरीही छापला. १९६२ मध्ये शुक्राकडे निघालेल्या मरिनर-२ ने वारा प्रत्यक्ष मोजला. गोष्ट खरी आणि चांगलीच आहे, पण सगळीकडे तीच सांगतात. आपल्या प्रश्नाचा इतिहास त्याच्याही मागे जातो, तो फलकावर मोठा हवा.

१९०४ च्या सुमारास मॉंडर यांनी दाखवलं की पृथ्वीवरची चुंबकीय वादळं सुमारे २७ दिवसांनी परततात, म्हणजे सूर्याच्या एका फेऱ्याने. सूर्यावरचे डाग त्यांना जबाबदार असतील म्हणावं तर कित्येकदा वादळ यायचं आणि समोर डागच नसायचा. १९३० च्या दशकात युलियुस बार्टेल्स यांनी या न दिसणाऱ्या जागांना एम-प्रदेश म्हटलं. दिसत नाहीत, पण दर २७ दिवसांनी हजेरी लावतात. त्यांनी वापरलेली मांडणी म्हणजेच ओळीत २७ चौकटी. (सईने तक्त्याकडे बघितलं, माझ्याकडे बघितलं, काही बोलली नाही.)

आपल्या बाजूचा धागाही जोडायचा. मुंबईच्या कुलाब्याच्या वेधशाळेत एकोणिसाव्या शतकापासून पृथ्वीच्या चुंबकीय क्षेत्राच्या नोंदी होत होत्या. सप्टेंबर १८५९ चं महावादळ तिथे नोंदलं गेलं. मुंबईत विजेच्या ट्राम येणार म्हटल्यावर त्यांच्या प्रवाहाने सुया बिघडतील म्हणून १९०४ पासून हे काम अलिबागला हललं. आजही भारतीय भूचुंबकत्व संस्था ते चालवते. फोंड्याहून अलिबाग म्हणजे त्याच किनाऱ्याने वर, एवढंच. वेगवान वाऱ्याचे फेरे अलिबागच्या कागदावर उमटत होते तेव्हा ते कुठून येतात हे जगात कुणालाच ठाऊक नव्हतं.

३० नोव्हेंबर

जुने हेडसर वाचनालयात भेटले. स्कायलॅबचा, म्हणजे नासाच्या जुन्या अंतराळस्थानकाचा, फलक करतोय म्हटल्यावर म्हणाले, "ती पडणार होती ना आपल्या डोक्यावर?" १९७९ च्या जुलैत गावात काय घबराट होती ते त्यांनी रंगवून सांगितलं. लोकांनी कोंबड्या कापून खाल्ल्या, उद्या कुणी बघितलाय म्हणून. ११ जुलैला तिचे तुकडे ऑस्ट्रेलियाच्या पश्चिम भागात पडले.

ज्या स्कायलॅबला लोक घाबरले तिनेच एम-प्रदेशांचं कोडं उलगडलं, हे सरांना माहीत नव्हतं. १९७३-७४ मध्ये तिच्यावरच्या अंतराळवीरांनी क्ष-किरणांत महिनोन् महिने सूर्य टिपला. त्यात काळी होलं लख्ख दिसली, आणि त्यांच्या फेऱ्यांशी वेगवान वाऱ्याचे झोत जुळले. एका रॉकेटवरच्या क्ष-किरण चित्राने तोच संबंध १९७३ मध्ये आधी सुचवलेला होता. स्वित्झर्लंडच्या वाल्डमायर यांना तर १९५० च्या दशकातच प्रभामंडळात या फिक्या जागा दिसलेल्या. पण सलग पुरावा स्कायलॅबचा. आणि ती लवकर का पडली? सूर्य अपेक्षेपेक्षा जास्त तापट निघाला, त्याने पृथ्वीचं वरचं वातावरण फुगलं आणि तिला ओढ लागली. सर म्हणाले, "म्हणजे ज्याची चौकशी करायला गेली त्यानेच पाडली." हे वाक्य फलकावर जाणार. सरांची परवानगी घेतली.

६ डिसेंबर

दुसऱ्या ओळीत लाल खडू पहिल्या लालच्या बरोबर खाली. निळी रेघ पुन्हा १३५ कडे. तारीख मुलांनी आधीच लिहून ठेवली होती.

रुद्रचा प्रश्न चांगला होता: सूर्य २५ दिवसांत फिरतो असं पुस्तकात आहे, मग २७ कसे? तेवढ्यात पृथ्वी आपल्या कक्षेत पुढे सरकते, तिला गाठायला दोन दिवस जास्त. संपलं.

१४ डिसेंबर

सौरवारा पाण्याने दाखवायच्या नमुन्याचं काम अडलंय. मेस्त्रीकाका जत्रेच्या नाटकाचं नेपथ्य करण्यात बुडालेले. राजवाड्याचा दरबार रंगवून झाल्याशिवाय तुमच्या सूर्याला हात लावणार नाही म्हणाले. बरोबर आहे त्यांचं.

तोवर रचना ठरवली. सावईवेऱ्याला सईच्या काकांचं कुळागर आहे, तिथे पोफळींना स्प्रिंकलर लावलेत. कल्पना तिचीच: फिरत्या नळीतून पाणी उडतं तेव्हा हवेत वेटोळं दिसतं, आणि सौरवाऱ्यातल्या चुंबकीय रेषाही तशाच वळतात. पण कुळागरातला तयार स्प्रिंकलर चालणार नाही. तो पाण्याच्याच धक्क्याने टक-टक करत फिरतो आणि धार तिरकी फेकतो. आपल्याला धार सरळ बाहेर हवी आणि फिरवणं वेगळं हवं. शिवाय नळी लांब असली तर तिच्या टोकाची गती पाण्यात मिसळते. सूर्याचा विषुववृत्तावरचा फिरण्याचा वेग सेकंदाला जेमतेम २ किलोमीटर, वाऱ्याच्या ४०० पुढे काहीच नाही. म्हणून नळी वीतभर आणि फिरवायचं सावकाश.

सायकलचं जुनं हब, त्यावर पीव्हीसीची छोटी टाकी, कडेला समोरासमोर दोन तोंडं. एकाला बारीक भोक, धार जोरात. दुसऱ्याला मोठं भोक, आत स्पंज, धार मंद.

२२ डिसेंबर

कुळागराच्या खळ्यात चाचणी. टाकीला वरून होजपाइप, मेस्त्रीकाकांचा पोरगा हब हाताने फिरवतोय, ओंकार माडीवरून मोबाइल रोखून. उघड्या डोळ्यांना नुसता चिखल. पण फ्लॅश मारून काढलेल्या फोटोत दोन वेटोळी अगदी वेगळी: मंद धारेचं घट्ट वळलेलं, जोरदार धारेचं मोकळं. सईने लगेच गणित घातलं. पृथ्वीपाशी ४०० च्या वाऱ्यात रेषेचा सूर्याच्या दिशेशी कोन सुमारे ४७ अंश, ७०० च्या वाऱ्यात ३१-३२. फोटोतले कोन अर्थात वेगळे, पण कुठलं वेटोळं मोकळं असणार हे बरोबर.

मग नीळ घालून बघितली. मंद तोंडात नीळ, दुसऱ्यात साधं पाणी, पांढरी चादर खाली. एक गोष्ट मुलांनी स्वतः पकडली: प्रत्येक थेंब सरळच जातो, वेटोळं फक्त आकृतीत असतं. हे कळलं की माग काढण्याचं गणित आपोआप कळतं. चादर सईच्या काकूंची होती. निळे ठिपके गेलेले नाहीत.

३ जानेवारी

तिसरा फेरा आला. आता तिन्ही फेऱ्यांची चित्रं एकाखाली एक लावली आणि होलाची कड पारदर्शक कागदावर उतरवली.

सूर्य घट्ट गोळा नाही. विषुववृत्ताचा फेरा २५ दिवसांचा, ध्रुवांकडचा ३० च्या बराच वर. दक्षिणेकडून विषुववृत्तापर्यंत आलेला असा लांब पट्टा दोन फेऱ्यांत तिरका व्हायला हवा, खालचं टोक मागे पडायला हवं. आमच्या कागदांवर कड बदललीय, पट्टा थोडा रुंद झालाय, पण तिरकेपणा त्या मानाने काहीच नाही. स्कायलॅबच्या एका गाजलेल्या होलाबाबतही हेच दिसलं होतं, ते जवळजवळ ताठ राहून फिरत होतं. खालचा पृष्ठभाग निसटतो आणि वरचं होल निसटत नाही, हे जमतं कसं? कडेला मोकळ्या रेषा आणि बंद कमानी सतत एकमेकींशी जोड बदलत राहतात. आज जी कमान होती ती उद्या मोकळी, जी मोकळी ती कमान. होलाची हद्द अशी रोज नव्याने आखली जाते. ही जोडणी बदलण्याची क्रिया लक्षात ठेवा असं मुलांना सांगितलं, पुढे तीच मुख्य पात्र होणार आहे.

आणखी एक: तिन्ही वेळा पट्ट्याचा मधला भाग समोरून गेल्यावर वेग सर्वांत जास्त, कडा जाताना कमी. १९९० मध्ये वांग आणि शीली यांनी मांडलेला नियम हाच. वर जाताना ज्या रेषा कमी फाकतात तिथून वारा जास्त वेगाने येतो, आणि त्या होलाच्या मध्यात असतात. अवकाश-हवामानाचा अंदाज देणारी गणितं आजही या नियमावर उभी आहेत.

११ जानेवारी

आज कोड्याचा फलक. मला व्यक्तिशः हाच सर्वांत आवडतो.

पार्कर यांचं मूळ गणित सांगतं की प्रभामंडळ जितकं गरम, वारा तितका वेगवान. मग सर्वांत वेगवान वारा सर्वांत गरम जागेतून यायला हवा. येतो कुठून? होलातून, जिथले इलेक्ट्रॉन आजूबाजूपेक्षा थंड आहेत, १० लाख अंशांच्या आसपास. याचा पुरावा वाऱ्यातच असतो. ऑक्सिजनच्या अणूंनी सहा इलेक्ट्रॉन गमावलेत की सात, हे प्रमाण सूर्याजवळच्या तापमानावर ठरतं आणि वारा विरळ झाला की तसंच गोठून राहतं. वेगवान वाऱ्यात सात गमावलेले कमी. म्हणजे उगम थंडच.

एवढ्या तापमानावर नुसत्या दाबाने ७००-८०० चा वेग निघत नाही. वर जाताना वाटेत कुणीतरी आणखी ऊर्जा देतं. १९९५ मध्ये सुटलेल्या सोहो यानाने ध्रुवांवरच्या होलांत ऑक्सिजनचे आयन (इलेक्ट्रॉन गमावलेले अणू) १० कोटी अंशांच्या वर तापलेले पाहिले, त्याच जागी इलेक्ट्रॉन थंड. कुणीतरी जड कणांनाच निवडून ढकलतंय.

रुद्र म्हणाला, "म्हणजे होल कळलं तरी उत्तर मिळालं नाही." बरोब्बर. कुठून हा प्रश्न होलापाशी थांबत नाही. एवढं मोठं होल, त्यात नेमकं कुठे?

१८ जानेवारी

या "नेमकं कुठे"चा फलक उतरत्या पायऱ्यांचा केला.

युलिसिस यान १९९० मध्ये सुटलं, १९९२ मध्ये गुरूच्या ओढीने वर फेकलं गेलं आणि १९९४-९५ मध्ये सूर्याच्या दोन्ही ध्रुवांवरून गेलं. सूर्य शांत होता. वरच्या अक्षांशांवर सतत ७५० च्या आसपासचा वारा, चढउतार नावाला. ध्रुवांवरच्या मोठ्या होलांचा वेगवान वाऱ्याशी संबंध पक्का.

१९९९ मध्ये सोहोच्या वर्णपटातून दिसलं की होलात वायू सगळीकडून सारखा वर येत नाही. सूर्याच्या पृष्ठभागावर ३०,००० किलोमीटरच्या आसपास रुंदीच्या खदखदत्या पेशी असतात, जेमतेम दिवसभर टिकणाऱ्या. त्यांचा प्रवाह चुंबकीय रेषांना कडेला ढकलतो. वर येणारा वायू या पेशींच्या कडांवर, विशेषतः जिथे कडा मिळतात तिथे, जोरात. २००५ मध्ये याच यानाच्या मापनांतून वाऱ्याची सुरुवात पृष्ठभागापासून ५,००० ते २०,००० किलोमीटर उंचीच्या दरम्यान मांडली गेली, खाली अरुंद आणि वर पसरत जाणाऱ्या चुंबकीय नरसाळ्यांत.

ओंकारने कडांचं जाळं रंगवलंय, छान झालंय. पेशीशेजारी त्याच मापाची पृथ्वी काढ म्हटलं. पेशीत दोन पृथ्व्या शेजारी शेजारी आरामात मावतात.

२५ जानेवारी

भांडणाचा दिवस. शेवटच्या फलकाचं शीर्षक सईने लिहिलं होतं: "कोडं सुटलं!" मी काढायला लावलं. ती म्हणाली, "टीचर, पेपरात तसंच आलं होतं." आलं असेल.

काय माहीत आहे ते आधी. पार्कर सोलार प्रोब हे नासाचं यान १२ ऑगस्ट २०१८ रोजी निघालं. एप्रिल २०२१ मध्ये ते प्रथमच प्रभामंडळात शिरलं आणि २४ डिसेंबर २०२४ रोजी पृष्ठभागापासून ६१ लाख किलोमीटरवर पोचलं, ताशी ६ लाख ९० हजार किलोमीटरच्या वेगाने. २०२३ मध्ये त्याच्या मापनांवरचा जो निबंध आला तो आमच्या फलकाचा गाभा. सूर्याच्या केंद्रापासून सुमारे १३ सौरत्रिज्यांवर असताना यानाला वेगवान वारा सलग मिळाला नाही, झोताझोतांनी मिळाला. त्या झोतांची रुंदी खाली होलातल्या पेशींशी जुळत होती. सोबत खूप जास्त ऊर्जेचे आयन. निष्कर्ष: पेशींच्या कडांवर मोकळ्या रेषा आणि छोट्या कमानी जोड बदलतात, त्यातून सुटणारी ऊर्जा वाऱ्याला मिळते. ३ जानेवारीची नोंद वाचा, तीच क्रिया.

त्याच वर्षी सोलार ऑर्बायटरच्या चित्रांवरचं काम आलं. हे युरोपचं यान, फेब्रुवारी २०२० मध्ये सुटलेलं. ३० मार्च २०२२ रोजी दक्षिण ध्रुवाजवळच्या होलात त्याला बारीक कारंजी दिसली: काही शे किलोमीटर रुंद, २० ते १०० सेकंद टिकणारी, सेकंदाला १०० किलोमीटरच्या आसपास वेगाची. पणजी ते मुंबई एवढ्या रुंदीचं कारंजं, चहा उकळायच्या आत संपणारं.

मग सुटलं नाही का? कारंज्याचा वेग १००, वाऱ्याचा ७००. मधला फरक भरून काढतं कोण? २०२४ मधलं एक काम इथे फार मोलाचं. फेब्रुवारी २०२२ मध्ये पार्कर आणि सोलार ऑर्बायटर वाऱ्याच्या एकाच झोतात, दोन दिवसांच्या अंतराने, सापडले. जवळच्या यानाला रेषांतले मोठे हेलकावे, आल्फ्वेन लाटा, दिसल्या. लांबच्या यानापाशी त्या बऱ्याच ओसरलेल्या, आणि वारा मात्र अपेक्षेपेक्षा गरम व वेगवान. लाटांची गेलेली ऊर्जा वाऱ्याला मिळालेली.

म्हणून एक गट म्हणतो जोडणी बदलणं मुख्य, दुसरा म्हणतो लाटा. माझं मत विचाराल तर भांडण दिसतं तेवढं मोठं नाही, कारण रेषा जोड बदलताना लाटाही उठतात. पण दोघांचा वाटा किती हे ठरायचंय. शीर्षक आता असं: "जागा सापडली, यंत्रणेचा हिशेब चालू आहे". सईला ते मिळमिळीत वाटतं. राहील तसंच.

३१ जानेवारी

परवा चौथा फेरा आला. यावेळी आदित्य-एल१ चीही मापनं जोडायची आहेत. २ सप्टेंबर २०२३ रोजी उड्डाण, ६ जानेवारी २०२४ रोजी एल-१ भोवतीच्या कक्षेत. त्यावरचं अस्पेक्स हे उपकरण अहमदाबादच्या भौतिकी संशोधन प्रयोगशाळेचं, त्याचा स्विस हा भाग वाऱ्यातले प्रोटॉन आणि हेलियमची केंद्रकं मोजतो. इस्रोच्या प्रदान पोर्टलवर नोंदणी केली. माहिती त्याच दिवशीची मिळत नाही, त्यामुळे जुने फेरे पडताळायला वापरू. बारावीतल्या एका मुलीला पायथन येतं, तिला गळ घातलीय.

रुद्रचे एक नातेवाईक वास्कोच्या ध्रुवीय संशोधन केंद्रामार्फत अंटार्क्टिकातल्या भारती तळावर राहून आलेत. हिवाळ्यात तिथे त्यांनी ध्रुवीय प्रकाश पाहिलाय. त्यांनी फोटो द्यायचं कबूल केलं. गोव्यातून तो प्रकाश दिसायचा नाही, आपण चुंबकीय विषुववृत्ताच्या फार जवळ.

१२ फेब्रुवारी

फलक रंगून आले. मेस्त्रीकाकांनी सूर्याला नाटकातल्या दरबाराचाच सोनेरी रंग दिलाय, उरला होता म्हणाले. होल मात्र नितांत काळं केलंय. प्रत्यक्षात ते एवढं काळं नसतं, पण लांबून दिसायला हवं.

मजकुरातली एक ओळ बदलली. "वेगवान वारा होलातून येतो" याच्या खाली बारीक अक्षरात: "होलात सगळीकडून सारखा नाही". एवढ्या एका ओळीसाठी तीन यानं आणि पाव शतक लागलं.

पाणी-नमुना सभागृहात चालवायला वाचनालयाने नकार दिला. पुस्तकं आहेत, बरोबरच आहे. अंगणात ठेवू.

२६ फेब्रुवारी

पाचवा फेरा काल यायला हवा होता. आला, पण फिका. वेग ५०० च्या थोडा वर जाऊन उतरला, तक्त्यावर केशरी, लाल नाही. चित्रात होल आक्रसलंय: विषुववृत्ताकडचं टोक तुटून दक्षिणेला बारका पट्टा उरलाय. सध्या पृथ्वी सूर्याच्या विषुववृत्ताच्या दक्षिणेला आहे, मार्चच्या सुरुवातीला सात अंशांपर्यंत जाईल. त्यामुळे दक्षिणेचं होल आपल्याला थोडं झुकतं माप देतं. तरीही एवढंच मिळालं. निळी रेघ मात्र आजही १३५ ला.

मुलांना वाटलं तक्ता बिघडला, शेवटची ओळ लाल असती तर भिंतीवर शोभली असती. मला ही ओळ सर्वांत जास्त सांगणारी वाटते. होल लहान, वारा मंद, दिशा तीच. फलकाशेजारी पाचही फेऱ्यांची चित्रं याच क्रमाने लावायची ठरली.

पुढची तारीख २४ मार्च. त्या आठवड्यात अकरावीची परीक्षा आहे, म्हणून त्या दिवसांचे आलेख मी जपून ठेवणार आणि चौकटी मुलं नंतर रंगवणार. ओंकारने पैज लावलीय की वारा येणारच नाही. सई म्हणते येईल, ४५० तरी.